शेजाऱ्याचा वाढीव मजला : दोन हजार वर्षांचा एक तंटा

१/२४
शेजाऱ्याने घरावर मजला चढवायचे ठरवले, किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत एक खोली काढायचे ठरवले, की आपल्याकडे आधी कुजबुज होते, मग अबोला, आणि शेवटी महापालिकेत अर्ज नाहीतर दिवाणी न्यायालयात दावा. हा शहरी जीवनाचा नवा उपद्रव आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उजेड, छपराचे पाणी, समाईक भिंत आणि खिडकीतून पडणारी नजर या चार गोष्टींवरून होणारे तंटे आपल्या जुन्या राज्यशास्त्राने आणि धर्मशास्त्राने नोंदवून ठेवले आहेत. आजचा धागा त्यांच्या इतिहासाचा. त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : मी माझ्या हद्दीत जे बांधतो, त्याविषयी बोलण्याचा अधिकार शेजाऱ्याला किती?

२/२४
आरंभ आपल्याच शहरापासून. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी येथे शहर वसवले. त्याचा मुलगा फत्तेखान याच्यावरून ते फत्तेनगर झाले, औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, म्हणजे १६५३ नंतर, औरंगाबाद झाले, आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे ही त्याची जुनी ख्याती. बेगमपुरा, जयसिंगपुरा, पदमपुरा, करणपुरा, पहाडसिंगपुरा ही नावे आजही आपल्या पत्त्यांत आहेत. अंबरी नहरीचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात खेळत असे. अशा दाट वस्तीत घराला घर खेटून उभे राहते. तिथे कोणाचेही बांधकाम हे केवळ त्याच्या एकट्याचे बांधकाम राहत नाही.

३/२४
ही घरे एकमेकांना खेटून कशी नांदली, याचे उत्तर त्यांच्या रचनेत आहे. जुन्या वाड्याचे तोंड आत असते. मधोमध चौक, चौकाभोवती सोपा, मागे माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी. उजेड आणि वारा वरून, चौकातून येतो. बाजूच्या भिंतींत दिवा ठेवायला देवळी असते, पण शेजाऱ्याकडे उघडणारी खिडकी सहसा नसते. त्यामुळे दोन वाड्यांत एकच भिंत असली तरी कोणाचा उजेड अडत नाही आणि कोणाची नजर कोणाच्या परसात जात नाही. दाट वस्तीतल्या शेजारधर्माचा निम्मा भाग असा दगड, विटा आणि चुन्यातच बांधलेला होता.

४/२४
कुटुंब वाढते, वाटण्या होतात, आणि पहिला घाव चौकावर पडतो. चौकावर छत येते, खोल्या वाढतात. आतला उजेड गेला की माणूस बाहेरचा उजेड शोधतो, म्हणजे बाजूच्या भिंतीला खिडकी पाडतो किंवा शेजाऱ्याच्या माळवदापेक्षा उंच मजला चढवतो. समाईक भिंत एका मजल्याच्या भारासाठी रचलेली असते, तिच्यावर आता तीन मजले येतात. पूर्वी माळवदाचे पाणी पन्हाळीने आपल्याच चौकात पडे, ते आता शेजाऱ्याच्या अंगणात पडते. तंट्याचे हे चारही धागे एकाच गाठीतून सुटतात. आता पाहू, जुन्या शास्त्रकारांनी ही गाठ कशी हाताळली.

५/२४
कौटिलीय अर्थशास्त्राची संपूर्ण संहिता आधुनिक अभ्यासकांना १९०५ मध्ये म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांच्यामुळे उपलब्ध झाली आणि १९०९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या ग्रंथाचे नाव काढले की आपल्याला हेर, दूत आणि षाड्गुण्य आठवते. पण त्याच्या तिसऱ्या अधिकरणात, धर्मस्थीयात, वास्तूविषयी स्वतंत्र विवेचन आहे. घर, शेत, बाग, बांध, तलाव या साऱ्यांना तिथे वास्तू म्हटले आहे. आणि त्याचा पहिलाच महत्त्वाचा सिद्धान्त असा की वास्तूविषयक वादांचा निर्णय शेजाऱ्यांच्या साक्षीवर अवलंबून असतो.

६/२४
त्यातले नियम आश्चर्य वाटावे इतके बारीक आहेत. नवे घर बांधताना दुसऱ्याच्या भिंतीपासून दोन अरत्नी किंवा तीन पद अंतर सोडून पाया घ्यावा. एक अरत्नी म्हणजे चोवीस अंगुळे, साधारण दीड फूट. सांडपाण्याची वाट परक्या भिंतीपासून ठराविक अंतरावर असावी, ती तशी नसेल तर ५४ पण दंड. दोन घरांच्या छपरांच्या कडांमध्ये चार अंगुळांचे अंतर असावे, किंवा एक कड दुसरीवर चढलेली असावी. उकिरडा, मोरी, विहीर भलत्या जागी करू नये. मात्र बाळंतिणीसाठी केलेल्या खड्ड्याला दहा दिवसांची सूट. हा अपवाद लिहिणाऱ्याने नांदती घरे जवळून पाहिली असणार, हे उघड आहे.

७/२४
इतके नियम दिल्यावर ग्रंथ एक दार उघडे ठेवतो : घरमालकांनी आपसांत मिळून आपल्याला हवे तसे बांधावे, आणि जे अनिष्ट आहे ते टाळावे. म्हणजे मोजमाप आहे ते एकमत न झालेल्यांसाठी. एकमत असेल तर राज्याला त्यात पडण्याचे कारण नाही. इथे शेजाऱ्यासाठी वापरलेला शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे : सामंत. आपल्या सीमेला लागून असलेला तो सामंत. पुढे हाच शब्द मांडलिक राजासाठी रूढ झाला आणि आज तो आपल्याला फक्त दरबार आणि आडनावे आठवून देतो. मूळचा सामंत मात्र भिंतीपलीकडचा माणूस होता.

८/२४
ही काळजी फक्त भारतातली नव्हती. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमाराच्या रोमच्या बारा पट्टिकांच्या कायद्यात घराभोवती अडीच फुटांची मोकळी जागा सोडण्याचा नियम सांगितला जातो. पुढे रोमन विधिज्ञांनी शेजाऱ्यांमधील हक्कांची एक मोठी यादीच तयार केली : शेजाऱ्याच्या भिंतीत तुळई टेकवण्याचा हक्क, छपराचे पाणी त्याच्या जागेत पाडण्याचा हक्क, आपला उजेड अडेल इतके उंच त्याने न बांधण्याचा हक्क. इंग्रजांच्या मार्फत या विचारपरंपरेचा काही अंश पुढे आपल्या कायद्यांतही आला. तो पुढे भेटेलच.

९/२४
आता मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावर येऊ. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत, अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. १९५६ पर्यंत बिदर आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. याज्ञवल्क्याच्या सीमाविवाद प्रकरणात सीमेचा निर्णय शेजारी, वृद्ध, गुराखी आणि सीमेलगतचे शेतकरी यांच्याकडून करून घ्यावा असे सांगितले आहे. आणि हाच विधी बाग, पाणवठा, घरे आणि पावसाच्या पाण्याचे ओहोळ यांनाही लागू करावा, असेही.

१०/२४
बृहस्पती आणि कात्यायन यांच्या नावे निबंधकारांनी दिलेली वचने आणखी पुढे जातात. वस्ती झाल्यापासून जी खिडकी, जी पन्हाळ, जो पुढे आलेला सज्जा ज्याने जसा भोगला, तो तसाच राहू द्यावा. नंतर आलेल्याने तो हलवू नये. शौचकूप, अग्नी, खड्डा, सांडपाणी हे परक्या भिंतीपासून दोन अरत्नी दूर असावे. यांतून एक तत्त्व स्पष्ट होते. जो आधीपासून शांतपणे भोगतो आहे, त्याच्या भोगाला काळाने हक्काचे रूप दिलेले असते. हे तत्त्व ध्यानात ठेवा, एकोणिसाव्या शतकात ते वर्षांच्या हिशेबासह पुन्हा येणार आहे.

११/२४
मध्ययुगीन दख्खनच्या शहरांत काझीचे न्यायासनही होते. औरंगजेबाच्या आज्ञेने फतावा-ए-आलमगिरी हा हनफी विधिनियमांचा प्रचंड अरबी संग्रह तयार झाला. संकलकांचे प्रमुख होते बुऱ्हाणपूरचे शेख निजाम. शेजाऱ्याच्या प्रश्नावर हनफी परंपरेत एक जुना मतभेद आहे. इमाम अबू हनीफा यांच्या नावे सांगितले जाणारे मत असे की मालक आपल्या मिळकतीत हवे ते करू शकतो, मग शेजाऱ्याला त्रास झाला तरी. नंतरच्या विधिज्ञांना हे फार कठोर वाटले. शेजाऱ्याची हानी उघड आणि भारी असेल तर मालकाला रोखावे, असे त्यांनी ठरवले. क्षुल्लक गैरसोय सोसावी, भारी हानी सोसू नये, ही ती मधली रेषा.

१२/२४
याच परंपरेत शेजाऱ्याला आणखी एक मोठा अधिकार मिळाला : हक्क-ए-शुफा. घर विकले जात असेल तर ते त्याच किमतीत आधी घेण्याचा हक्क. अग्रक्रम असा : प्रथम सहमालक, मग वाट किंवा पाणी समाईक असणारा, आणि मग लगतचा शेजारी. अट कडक होती. विक्रीची वार्ता कानी पडताक्षणी मागणी करायची, नंतर साक्षीदारांसमक्ष ती पुन्हा करायची. गंमत अशी की कौटिल्यानेही जमीन आणि घर विकत घेण्याचा क्रम नातेवाईक, शेजारी, धनको असाच दिला आहे. दोन भिन्न परंपरा एकाच निष्कर्षाला पोहोचल्या : पलीकडे कोण राहणार, यात शेजाऱ्याचा हितसंबंध आहे.

१३/२४
मराठी मुलखात गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणत आणि शेतजमिनीला काळी. पांढरीतले तंटे गोताच्या सभेपुढे येत. दोन्ही पक्षांच्या तकरिरी घेतल्या जात, जामीन घेतले जात, आणि निकाल महजरात किंवा निवाडपत्रात उतरे. त्यावर गावकऱ्यांच्या साक्षी पडत. पेशवाईतील पुण्यासारख्या वाढत्या शहराला मात्र स्वतंत्र यंत्रणा लागली. थोरल्या माधवरावांच्या काळात पुण्याच्या कोतवालाकडे सोपवलेल्या कामांत पेठांतील रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे तंटे तोडण्याचे काम होते, आणि जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवण्याचेही. शेजाऱ्यांचे भांडण हा तेव्हाही शहर चालवण्याचा नित्याचा भाग होता.

१४/२४
इथवर वाचून जुन्या व्यवस्थेविषयी भरते येईल, पण तिची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. ज्या शेजाऱ्याला होकाराचा अधिकार असतो, त्याला नकाराचाही असतो. आळ्या आणि पुरे जातीजातींनी आणि धर्मांनी विभागलेले होते. अशा ठिकाणी शुफासारखा हक्क नको असलेल्या माणसाला वस्तीबाहेर ठेवण्याचे साधनही होता. १९६२ मध्ये भाऊ राम विरुद्ध बैजनाथ सिंह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारीपणावर आधारलेला अग्रक्रयाधिकार घटनाबाह्य ठरवला. अन्य जातीच्या, धर्माच्या माणसाला दूर ठेवणे हा या हक्कामागचा हेतू होता आणि नव्या संविधानात त्याला जागा नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. शेजाऱ्याचा एक प्राचीन अधिकार असा संपला, आणि तो संपला हे योग्यच झाले.

१५/२४
आता एक योगायोग. ज्या १६१० च्या सुमारास मलिक अंबर खडकी वसवत होता, त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ऑल्ड्रेड नावाचा गृहस्थ न्यायालयात उभा होता. त्याच्या घराला लागून शेजाऱ्याने डुकरांचा गोठा बांधला होता. माझ्या जागेत मी काहीही पाळीन, हा शेजाऱ्याचा पवित्रा. न्यायालयाने ऑल्ड्रेडच्या बाजूने निकाल दिला : स्वच्छ हवा आणि उजेड या राहण्याच्या गरजा आहेत, त्या हिरावून घेता येणार नाहीत. पण त्याच निकालात एक भेदही केला गेला. खिडकीतून दिसणारा सुंदर देखावा ही केवळ आनंदाची गोष्ट आहे. तो अडला म्हणून दावा चालणार नाही. चारशे वर्षे झाली, हा भेद अजून टिकून आहे.

१६/२४
हा इंग्रजी विचार आपल्याकडे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने आला. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण आज राज्यभर शेजाऱ्यांच्या वादांत याच कायद्यातील तत्त्वांचा आधार घेतला जातो. त्याचे कलम १५ सांगते की उजेड, हवा, भिंतीचा आधार, वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा निचरा यांचा भोग २० वर्षे शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून घेतला असेल तर तो कायम हक्क होतो. बृहस्पतीने वस्तीच्या आरंभापासूनचा भोग म्हटले होते. इंग्रजी कायद्याने त्याला वर्षांचा आकडा दिला.

१७/२४
या २० वर्षांच्या नियमामुळे एक विचित्र सावधपणाही जन्मला. शेजाऱ्याने आपल्या बाजूला खिडकी पाडली की जुनी माणसे लगेच हरकत घेत, कारण आज गप्प राहणे म्हणजे दोन दशकांनी आपल्याच जागेत मजला चढवण्याचा हक्क गमावणे, असा त्यांचा हिशेब असे. तो हिशेब कायद्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. मात्र कायद्याने सीमाही आखली आहे. कमी झालेला प्रत्येक किरण म्हणजे नुकसान नव्हे. दाव्यासाठी हानी भरीव असावी लागते. आणि मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क अशा भोगाने मिळत नाही. अंगणात तुळस कोमेजली, एवढ्यावर निकाल लागणार नाही. वर्षानुवर्षे उजेड देणारी माजघराची खिडकी बुजली, तर लागू शकतो.

१८/२४
नजरेचे काय? उस्मानी साम्राज्यात १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या मेजेल्ले या संहितेने स्वयंपाकघर, विहीर आणि घराचे अंगण या स्त्रियांच्या वावराच्या जागा मानल्या आणि तिथे पडणारी शेजाऱ्याची नजर ही भारी हानी ठरवली. आपल्याकडे १८८८ मध्ये गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला : शेजारच्या नव्या बांधकामातून जनानखाना दिसत होता. रूढीने चालत आलेला खासगीपणाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. १८८२ च्या कायद्यातही अशी रूढी असलेल्या नगराचे उदाहरण दिलेले आहे, आणि गुजरातेत ती न्यायालयांनी पूर्वीच मानली होती. जिथे अशी रूढी सिद्ध होत नाही, तिथे मात्र केवळ खिडकी समोर आली म्हणून ती बंद करवून घेणे कठीण असते.

१९/२४
आतापर्यंत हा दोन शेजाऱ्यांमधला व्यवहार होता. त्याला सार्वजनिक रूप दिले ते एका साथीने. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या आणि खेटून उभ्या असलेल्या चाळी यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर मांडणी केली. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यांच्या नावाशी जोडला जातो : दोन इमारतींमध्ये समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर हवे, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा उजेड मिळेल.

२०/२४
हा बदल मूलभूत होता. कौटिल्याच्या दोन अरत्नी शेजाऱ्यांच्या संमतीने कमी-जास्त होऊ शकत होत्या. साडेत्रेसष्ट अंशांच्या मागे मात्र आरोग्याचे शास्त्र होते, आणि रोगराई शेजाऱ्यांची संमती विचारत नाही. उजेड आता शेजाऱ्याचा हक्क न राहता नगराचे हित झाला. आज नकाशात बाजूला सोडावी लागणारी मोकळी जागा, जिला आपण मार्जिन म्हणतो, ती याच विचाराची वारस आहे. मार्जिनमध्ये जिना किंवा खोली काढणारा माणूस शेजाऱ्याइतकेच भविष्यातल्या भाडेकरूचे, आग विझवायला येणाऱ्या बंबाचे आणि स्वतःच्या नातवंडांचेही काही घेत असतो.

२१/२४
स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आला. कलम ४४ नुसार बांधकामाची परवानगी नियोजन प्राधिकरणाकडे मागायची, ती मिळाली की बांधायचे. विनापरवाना बांधकामावर कारवाईचे अधिकार पुढील कलमांत आहेत. २०२० मध्ये राज्यातील बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. या साऱ्या कागदी प्रवासात एक माणूस दिसेनासा झाला : शेजारी. ज्याच्या साक्षीवर कौटिल्याचा निर्णय उभा होता, त्याला आता भिंत उठेपर्यंत काहीच कळवले जात नाही. जातीच्या नावाखाली नकार देणारा शेजारी गेला हे चांगलेच झाले, पण उजेडाविषयी साधा प्रश्न विचारणाराही त्याच्याबरोबर गेला.

२२/२४
आपल्या शहरात याची दोन रूपे दिसतात. १९७० च्या दशकापासून सिडकोने इथे नवे शहर वसवले. एन-१, एन-२ अशा नावांच्या त्या भागांत लहान, समाईक भिंतीची घरे झाली. कुटुंबे वाढली तशी तीच घरे पुढे, मागे आणि वर वाढली. दुसरीकडे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनींवर नकाशाविना वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना खुली केली. शुल्क भरले की प्राधिकरणाच्या लेखी घर वैध होते. पलीकडच्या घराचा बुजलेला उजेड मात्र कोणत्याही शुल्काने परत येत नाही.

२३/२४
मग आज शेजाऱ्याचे बांधकाम सुरू होणार असेल तर इतिहास काय शिकवतो? पहिले, बोलणे. पाया खणण्यापूर्वी नकाशा एकमेकांना दाखवावा. पन्हाळ कुठे पडेल, समाईक भिंतीवर किती भार येईल, खिडकी किती उंचीवर असेल हे ठरवून दोघांनी लिहून सही करावी. निवाडपत्र भांडणानंतर लिहिले जाई, हा करारनामा आधी लिहावा. दुसरे, कागद. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकाराखाली मागता येते. तिसरे, पुरावा. भिंतीच्या तड्यांची आणि खिडकीतल्या उजेडाची तारखेसह छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत. चौथे, वेळ. दिवाणी न्यायालयातून मनाई मिळू शकते, पण छत पडेपर्यंत गप्प बसलेल्याचे ऐकून घेणे न्यायालयालाही जड जाते. आणि एक गोष्ट दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावी : महापालिकेची परवानगी मालकीचा किंवा शेजाऱ्याच्या जुन्या हक्काचा निकाल देत नाही.

२४/२४
आपल्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जाणाऱ्या उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ एकाच सावलीत राहणारा. खेटून बांधलेल्या वस्तीत तो शब्दशः खरा आहे : माझ्या भिंतीची सावली त्याच्या अंगणात पडते आणि त्याच्या मजल्याची माझ्या ओट्यावर. सामंताकडे निर्णय होता, शुफावाल्याकडे नकार होता, वीस वर्षांच्या भोगवट्याकडे हक्क होता. आजच्या हमसायाकडे बहुतेक वेळा फक्त तक्रार उरते. नियमावलीत शेजाऱ्याला बांधकामाची आगाऊ सूचना आणि पंधरा दिवस म्हणणे मांडण्याची संधी, एवढी एक ओळ घातली, तर ही उणीव बरीच भरून निघेल. त्यात नकाराधिकार नसावा. केवळ ऐकून घेण्याचे बंधन असावे.
मित्रहो, तुमच्या गावात, पेठेत किंवा पुऱ्यात समाईक भिंतीविषयी, पन्हाळीविषयी, बंद केलेल्या खिडकीविषयी जुने कागद असतील, एखादा मोडी लिपीतला करारनामा किंवा उर्दूतला पंचनामा घरातल्या ट्रंकेत असेल, तर खाली अवश्य सांगा. शहराचा इतिहास अशाच कागदांतून सर्वांत अचूक लिहिला जातो.